सलग वीस नकार

ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर उभं राहून डेटिंग अ‍ॅपमध्ये दहा किलोमीटरचं वर्तुळ लावलं, तर त्यात येऊरचं जंगल येतं, खाडी येते, पारसिकचा डोंगर येतो, मुलुंड आणि ऐरोलीही येतात. डोंबिवली स्टेशन मात्र जेमतेम बाहेर राहतं. अ‍ॅप अंतर मोजतं ते सरळ रेषेत. मधली खाडी ओलांडायची कशी, हे त्याच्या गावी नसतं. डोंबिवलीच्या मुलीला भेटायचं तर आधी रिक्षाने ठाणे स्टेशन, मग कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर करत जाणारी स्लो लोकल. एवढा खटाटोप करून पहिली भेट होते, कॉफीचं बिल निम्मं-निम्मं भरलं जातं, रात्री ‘छान वाटलं भेटून’ असा मेसेज येतो आणि त्यानंतर काहीही येत नाही. आठवड्याने पाहावं तर प्रोफाइलच गायब.

एकदा असं झालं तर माणूस मित्रांना किस्सा सांगून मोकळा होतो. पाचव्या-सहाव्यांदा झालं की किस्सा सांगायची हौस राहत नाही. मनाने निकाल दिलेला असतो, ‘खोट माझ्यातच आहे.’ घरात वेगळा निकाल तयार असतो, ‘योग नाही अजून. पत्रिका एकदा दाखवून घे.’ दोन्ही निकालांमागे एकच समजूत आहे. नकार सलग आले म्हणजे त्यामागे काही कारण असणारच. ही समजूत मुळातच तपासून पाहण्यासारखी आहे.

मुद्दाम सोपा आकडा घेऊ. पहिल्या भेटीतून दुसरी भेट ठरण्याची शक्यता दहात एक आहे आणि प्रत्येक भेट स्वतंत्र आहे असं धरा. मग सलग दहा नकार मिळण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. सलग वीस नकारांची शक्यता १२ टक्के. सारख्याच गुणांची, सारख्याच स्वभावाची शंभर माणसं घेतली तरी त्यातल्या बाराजणांच्या वाट्याला सलग वीस नकार येतील आणि दहाजणांचं पहिल्याच भेटीत जमेल. ते दहाजण पुढे लग्नाच्या वाढदिवसाला ‘बघताक्षणी कळलं’ वगैरे सांगत फिरतात. ते बाराजण रात्री दोन वाजता छताकडे बघत स्वतःचे दोष मोजत असतात. दोन गटांत फरक फक्त क्रमाचा आहे.

चाणाक्ष वाचक इथे अडवेल. दहात एक हा आकडा आणला कुठून? शंभरात एक असेल तर? आक्षेप रास्त आहे. शंभरात एक धरलं तर सलग वीस नकारांची शक्यता ८२ टक्क्यांवर जाते. म्हणजे वीस नकारांतून काहीच कळत नाही असं म्हणता येणार नाही. आपण धरलेला आकडा फार आशावादी असावा, एवढा संशय त्यातून नक्की येतो. पण तो आकडा एकट्या माणसाचा नसतो. तो त्या जागेचा, त्या बाजाराचा आणि तिथल्या गर्दीचाही असतो.

टिंडरचंच पाहा. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या गॅरेथ टायसन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली बनावट प्रोफाइलं टाकून या अ‍ॅपचा अभ्यास केला. पुरुषांच्या प्रोफाइलांना मॅच मिळण्याचं प्रमाण निघालं ०.६ टक्के, स्त्रियांच्या प्रोफाइलांना दहा टक्क्यांच्या आसपास. पुरुष दिसेल त्याला उजवीकडे सरकवत होते, स्त्रिया निवडून. ०.६ टक्क्यांच्या जगात शंभर वेळा उजवीकडे सरकवूनही एकही मॅच न येण्याची शक्यता ५५ टक्के भरते. माजिवड्यातल्या एखाद्या मुलाला महिनाभर कुणी विचारलं नाही तर ती त्या अ‍ॅपची सर्वसाधारण अवस्था आहे. मुलींचं दुखणं निराळं. मॅचेसचा ढीग पडतो आणि त्यातल्या बहुतेकांना ‘हाय, कुठे राहतेस?’ याच्या पुढचं वाक्य सुचत नाही. ढिगातली निराशाही निराशाच असते.

शिवाय जिथे माणसं शोधायची ती लोकसंख्याही समसमान नाही. २०११ च्या जनगणनेत तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ८८६ स्त्रिया होत्या. कामधंद्यासाठी एकटे आलेले पुरुष हे इथलं मोठं कारण. बीडमध्ये कारण वेगळं आणि काळं आहे. त्याच जनगणनेत तिथे सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली भरल्या. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधलेल्या अविवाहित तरुणांनी घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, तेव्हा बघ्यांना हसू आलं. त्यांच्या निवेदनात मात्र गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडक राबवण्याची मागणी होती. माझ्या मते गेल्या काही वर्षांत लग्न न जमण्याबद्दल महाराष्ट्रात झालेलं सर्वांत शहाणपणाचं विधान तेच. आपल्याला नकार का मिळतात याचं उत्तर त्या मुलांनी आरशात किंवा कुंडलीत न शोधता आकडेवारीत शोधलं.

कुंडलीची परीक्षा तर पुण्यात रीतसर झालेली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुलं अशा दोनशे पत्रिका जमवल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच ओळखायचं. ५१ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या. उत्तरं आली २७ जणांची आणि यशाचं प्रमाण पडलं ४६ टक्के. नाणं उडवून ५० टक्के मिळाले असते. निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आले. बुद्धीतला एवढा ढळढळीत फरक ज्या कागदावर दिसत नाही, त्यावर मुलीचं लग्न कशामुळे लांबलं ते दिसेल अशी आशा कशाला धरायची? पत्रिकेचा खरा उपयोग दुसराच आहे. ‘पत्रिका जुळत नाही’ हा सभ्य घरातला निरोप आहे. त्यात कारण सांगावं लागत नाही, समोरच्याचा अपमान होत नाही आणि पोहे खाऊन गेलेल्यांना पुन्हा तोंड दाखवता येतं. अ‍ॅपवाल्यांना एवढीही सोय उरलेली नाही.

गणित पटलं तरी दुखायचं थांबत नाही, कारण मेंदू नकाराची नोंद गणितासारखी ठेवत नाही. नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि किपलिंग विल्यम्स यांनी २००३ साली ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एमआरआय यंत्रात झोपून तिघांनी पडद्यावर चेंडू झेलायचा खेळ खेळायचा. थोड्या वेळाने बाकीचे दोघं तिसऱ्याला चेंडू टाकेनासे होतात. ते दोघं खरे नव्हतेच, संगणक खेळत होता. तरी वगळल्या गेलेल्या माणसाच्या मेंदूत शारीरिक वेदनेच्या वेळी सक्रिय होणारा एक पट्टा उजळला. पुढे वर्तमानपत्रांनी प्रेमभंगावर पॅरासिटामॉल चालतं इथपर्यंत मजल मारली. शास्त्रज्ञ तिथे थांबले नाहीत. २०१४ साली चुंग-वान वू आणि टॉर वेगर यांच्या गटाने अधिक बारीक विश्लेषण केलं तेव्हा नकार आणि भाजणं यांच्या मेंदूतल्या खुणा जवळजवळ असल्या तरी वेगळ्या निघाल्या. तेव्हा गोळ्या डब्यातच राहू द्याव्यात. नकार झोंबतो तो खराखुरा, पण तो जखम नव्हे.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट मला वाटते ती कुत्र्यांवरच्या जुन्या प्रयोगाची. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना विजेचे असे धक्के दिले की काही केलं तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथून एक उडी मारली की सुटका होती. त्यातली बरीच कुत्री उडी न मारता पडून राहिली. याला शिकलेली असहायता असं नाव पडलं आणि मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात ते गेलं. वारंवार अपयश आलं की प्राणी हार मानायला शिकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, याच दोघांनी मेंदूतल्या नव्या पुराव्यांच्या आधारे लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो. लांबलेल्या त्रासाला गप्प पडून राहणं हा मेंदूच्या देठातल्या एका जुन्या केंद्राचा उपजत प्रतिसाद आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने काही बदलतं’ हे. कपाळामागचा मेंदूचा भाग ते ओळखतो आणि खालच्या केंद्राला आवरतो. मग सहा नकारांनंतर कुणी अ‍ॅप काढून टाकून पांघरूण ओढून पडलं, तर तो स्वभावातला दुबळेपणा ठरत नाही. ती मूळ स्थिती झाली. तिथून उठायला ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगून भागत नाही, स्वतःच्या कृतीने काहीतरी हललेलं दिसावं लागतं, मग ते कितीही लहान असो.

हे एका एकोणीस वर्षांच्या लाजाळू मुलाने १९३३ सालीच, मेंदूची कुठलीही यंत्रं नसताना, करून पाहिलं होतं. अल्बर्ट एलिस त्याचं नाव. न्यूयॉर्कमध्ये घराजवळच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली कुणीही स्त्री दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची, असा नियम त्याने स्वतःला घातला. १३० जणींजवळ तो जाऊन बसला. तीस उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. त्यातून भेटायला तयार झाली एक, आणि ती आलीच नाही. (आजच्या काळात अनोळखी मुलींच्या बाकावर असं जाऊन बसू नये, ठाण्याच्या तलावपाळीवर तर मुळीच नको.) हिशेबाने बघितलं तर यशाचं प्रमाण शून्य. एलिसला मात्र वेगळाच शोध लागला होता. कुणी पोलिसांना बोलावलं नाही, आकाश कोसळलं नाही आणि हळूहळू त्याची भीती उतरत गेली. १९५५ मध्ये त्याने जी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली, तिचं एक मूळ त्या बाकावर आहे. घटना दुःख देते खरी, पण माणसाला खचवते ती घटनेवर त्याने लावलेली सक्ती: मला होकार मिळायलाच हवा, नाही मिळाला तर मी कुचकामी.

ही पद्धत भारतात आणि मराठीत आणली ती प्रामुख्याने कि. मो. फडके यांनी. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्याच्या संस्थेने १९९० पासून जे काम उभं केलं, त्यातही एलिसच्या विचारांना मानाची जागा आहे. एलिसच्या पद्धतीत खचलेल्याला ‘तू खूप छान आहेस’ असं कुरवाळत नाहीत. होकार मिळाला असता तर आवडलं असतं, मिळाला नाही म्हणून वाईट वाटतं, इथवर सगळं कबूल असतं. ‘मिळायलाच हवा होता’ हे कुठे लिहून ठेवलंय, एवढंच विचारतात.

नकार देणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं हेही पाहायला हवं. नेदरलँड्समधल्या टीला प्रोंक आणि याप डेनिसन यांनी २०२० साली दाखवलं की ओळीने प्रोफाइलं बघत गेलं की पहिल्या प्रोफाइलपासून शेवटच्यापर्यंत पसंतीचं प्रमाण सरासरी २७ टक्क्यांनी घसरतं. फोटो बदलत जातात, बघणाऱ्याचं मन बंद होत जातं. तुमचा नंबर तिच्या पाचव्या मिनिटाला लागला की पंचविसाव्या, हे तुमच्या हातात नाही आणि तिच्याही नाही.

आता पुन्हा गणिताकडे. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी शंभर मुलं आणि शंभर मुली यांच्या टिकाऊ जोड्या कशा लावायच्या याची कृती दिली. प्रत्येकाची आपापली पसंतीची यादी असते. एक बाजू यादीच्या वरून विचारत जाते, दुसरी बाजू हाती आलेल्यातला सर्वांत बरा तात्पुरता राखून ठेवते आणि बाकीच्यांना नाही म्हणते. नाही ऐकलेला यादीतलं पुढचं नाव विचारतो. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल शेपलींना मिळालं ते याच विषयातल्या कामासाठी. या कृतीतून एक गोष्ट सिद्ध होते. जी बाजू विचारते तिला टिकाऊ जोड्यांमधली शक्य तितकी चांगली जोडी मिळते, आणि जी वाट पाहते तिला त्यातली सर्वांत कमी पसंतीची. विचारणारी बाजू मुलींची करणारा, पहिला मेसेज मुलीनेच करायचा असा नियम बंबल या डेटिंग अ‍ॅपने २०१४ मध्ये आणला होता. २०२४ मध्ये तो सैल केला, कारण बऱ्याच जणींना ते ओझं वाटत होतं.

गेल-शेपलींच्या या गावात कुणी फसवत नाही, कुणी गायब होत नाही, मुलं-मुली समसमान आहेत आणि एकटं राहण्यापेक्षा कुणीही चालेल असं सगळ्यांचं म्हणणं आहे. यातली एकही अट ठाण्याला लागू होत नाही. तरी त्या आदर्श गावात, याद्या कशाही अस्ताव्यस्त असतील तेव्हा, सरासरी पाचशेच्या आसपास विचारणा होतात आणि त्यातल्या चारशे फेटाळल्या जातात. सर्वांत वाईट याद्या निघाल्या तर नकारांची संख्या ९,८०१ वर जाते. त्यानंतर शंभरावी जोडी लागते.