विमान अर्ध्या तासाचे, वेळ तासाभराचा

धाराशिवला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. मुंबईला उडत जायचे तर आधी सोलापूर गाठावे लागते. तिथून मुंबईची सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली.

सोलापूर ते मुंबई हे हवाई अंतर साधारण ३६० किलोमीटर. रेल्वेने मात्र तेच सुमारे ४५५ भरते. हवाई अंतर म्हणजे दोन विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून, पृथ्वीचा गोलावा धरून काढलेला सर्वांत जवळचा मार्ग. त्यात ना भोर घाट, ना भीमेवरचा पूल.

मग ताशी आठशे किलोमीटर वेगाचे जेट अर्ध्या तासात का पोहोचत नाही? कारण तो वेग उंचावर गेल्यावरचा. छोट्या प्रवासात विमान चढते, जेमतेम सरळ होते आणि उतरायला लागते. शिवाय तिकिटावरची वेळ धावपट्टीवरून झेप घेतल्यापासून नव्हे, विमान जागचे हलल्यापासून ते मुंबईत पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. मुंबईत गर्दी असली की आकाशात घिरट्या आल्याच! वाऱ्याचाही हात असतो: हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात, म्हणून मुंबईकडे जाताना ते समोरून येतात.

धाराशिवकराचा हिशेब याहून लांब. सोलापूरपर्यंतचा सत्तरेक किलोमीटरचा रस्ता, विमानतळावरची तपासणी, मुंबईतली टॅक्सी, हे सगळे धरले तर तासाभराच्या उड्डाणाला अर्धा दिवस लागतो. तरीही रात्रभराच्या बसपेक्षा तो कमीच. तिकीट काढताना विमानाची वेळ नव्हे, घरापासून घरापर्यंतची वेळ मोजा.