टँकरचे पाणी आणि घरातला फिल्टर

उन्हाळ्यात पाथर्डी तालुक्यातील अनेक वस्त्यांची तहान टँकरवर भागते. ते पाणी पिंपात साठते, तांब्यासह हातही त्यात बुडतो आणि जुलाबाचे जंतू घरभर पोहोचतात. साध्या कँडलचा फिल्टर गाळ व बहुतांश जिवाणू अडवतो. विषाणूंसाठी मात्र पाणी खळखळून उकळावेच लागते. नायट्रेट व फ्लोराइड उकळूनही जात नाहीत. त्यासाठी कूपनलिकेच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी. कँडल साबणाविना मऊ ब्रशने घासावी, तडकल्यास बदलावी. ऊसतोडणीहून परतलेल्या कुटुंबांनी महिनोन्महिने कोरडा पडलेला फिल्टर स्वच्छ धुऊन पहिले पाणी ओतून द्यावे. गाळलेले पाणी तोटीच्या झाकलेल्या भांड्यातच ठेवावे. फिल्टरकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत प्रथम घरातले तान्हे बाळ मोजते.