अहवालातल्या त्या तीन नोंदी

स्तनाच्या कर्करोगाचा तपासणी अहवाल हातात पडला की घरातले सगळे ‘कितवी स्टेज?’ एवढंच विचारतात. उपचारांची दिशा मात्र खालच्या तीन नोंदींवरही ठरते : ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन पॉझिटिव्ह असतील तर गाठ स्त्रीसंप्रेरकांवर पोसली जाते. तिसरी पॉझिटिव्ह असेल तर पेशींवर हर-टू या प्रथिनाची गर्दी झालेली असते आणि ते पेशींना वाढत राहायला लावतं.

स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण पाचातला एक हर-टू पॉझिटिव्ह असतो. त्यातल्या जवळपास निम्म्या गाठी संप्रेरकांवरही वाढतात. अशा वेळी एकट्या लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलच्या गोळीचा फारसा टिकाव लागत नाही. एक वाट अडवली की पेशी दुसरीने वाढतात. म्हणून गोळीच्या जोडीला ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंडाचं इंजेक्शन दिलं जातं.

फायदा किती? आजार पसरलेल्या 207 स्त्रियांवरील ‘टँडेम’ चाचणीचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. आजार आटोक्यात राहण्याचा काळ एकट्या गोळीने 2.4 महिने होता, तर दोन्हींनी 4.8. दुप्पट खरा, पण महिन्यांत मोजला तर थोडाच. चीनमधल्या 392 रुग्णांच्या 2022 च्या चाचणीने अधिक आशा दिली. तिथे ट्रास्टुझुमॅबसोबत केमो घेणाऱ्यांत हा काळ 14.8 महिने होता, तर संप्रेरक उपचार घेणाऱ्यांत 19.2, त्रासही कमी झाला.

म्हणून ‘केमो नकोच’ असा हट्ट धरू नये. यकृतात किंवा फुफ्फुसांत आजार झपाट्याने वाढत असेल तर आधी केमो आणि प्रतिपिंडं, मग गोळी, हाच क्रम योग्य. आजार संथ असेल किंवा वय, अशक्तपणा यांमुळे केमो झेपणार नसेल, तर ही जोडी कामाची. पाळी सुरू असलेल्या स्त्रीला अंडाशयांचं काम थांबवणारे उपचारही लागतात.

वाईच्या रुग्णाला गोळी रोज घरीच घेता येते. इंजेक्शन बहुधा दर 21 दिवसांनी, म्हणजे साताऱ्याला किंवा पुण्याला वर्षात सतरा खेपा. सुरुवातीला आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी हृदयाची इको तपासणी हवी. बरं वाटतंय म्हणून ती टाळू नये. दम लागला, पायांवर सूज आली तर लगेच सांगावं. गोळीने सांधे दुखतात, हाडं ठिसूळ होतात. इंजेक्शन महाग आहे. पण 2014 पासून भारतीय कंपनीचं बायोसिमिलर मिळू लागलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारावं.

अहवालात हर-टू ‘2+’ असेल तर निर्णय अर्धवट आहे. ‘फिश’ चाचणी करावीच लागते. त्यासाठी गाठीचा मेणात जपलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, लागतो. शस्त्रक्रिया जिथे झाली तिथून तो मागून घ्यावा आणि अहवालासोबत सांभाळावा. काही वर्षांनी आजार उलटला तर शक्य तिथे नव्या गाठीचाही तुकडा तपासावा, कारण या नोंदी बदलू शकतात.