संध्याकाळी गॅसला सुट्टी: थंडगार क्रीमी पास्ता सॅलड

मे महिन्यात सात वाजून गेले तरी घराच्या भिंती तापलेल्याच असतात. आणि नेमका त्याच वेळी प्रश्न येतो, 'आज जेवायला काय?' घरातले सगळे पंख्याखाली आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती मात्र गॅससमोर घाम पुसत उभी. ज्योत फडफडते म्हणून तिथे पंखाही लावता येत नाही! आठवड्यातून एखादी संध्याकाळ तरी यातून सुटका हवी ना? मग हे पास्ता सॅलड करून बघा. गॅसचं काम सकाळीच उरकतं, संध्याकाळी फक्त फ्रिज उघडायचा.

पास्ता इटलीचा असला तरी घाबरू नका. दहीभात, श्रीखंड आणि खमंग काकडी जमत असेल, तर या सॅलडची सगळी गुपितं तुम्हाला आधीच माहीत आहेत.

दहीभाताची युक्ती

दहीभाताचा भात आपण जरा मऊच शिजवतो आणि वरून दूध घालतो, कारण गार झाल्यावर तो आळतो. पास्त्याचंही तसंच आहे. गार झाला की त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि पास्ता कडक लागतो. म्हणून पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एखादं मिनिट जास्त शिजवा. शिवाय तो ड्रेसिंग शोषून घेतो. सकाळी क्रीमी दिसणारं सॅलड संध्याकाळी कोरडं पडतं ते यामुळेच. त्यासाठी पाव भाग ड्रेसिंग बाजूला ठेवा आणि वाढताना दोन-तीन चमचे दुधात सैल करून घाला.

श्रीखंडाची युक्ती

क्रीमी म्हटलं की हात मेयोनेजच्या बाटलीकडे जातो. पण कच्च्या अंड्यांचं मेयोनेज उन्हाळ्यात जोखमीचं असतं. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये त्यावर वर्षभरासाठी बंदी घातली होती. आपल्याकडे चक्का आहे की! रात्री दही मलमलच्या कापडात बांधून चाळणीत ठेवा, चाळणीखाली भांडं ठेवा आणि सगळं फ्रिजमध्येच राहू द्या. बाहेर टांगलं तर या दिवसांत सकाळपर्यंत आंबट होईल. निथळलेलं पाणी कणीक मळायला वापरा.

खमंग काकडीची युक्ती

काकडीला मीठ लागलं की पाणी सुटतं, म्हणून खमंग काकडीसाठी आपण ती पिळून घेतो. इथेही तेच करा. टोमॅटो घालणार असाल तर त्याच्या बिया काढा. नाहीतर तासाभरात सॅलडच्या तळाशी पाणी साचेल.

साहित्य (चार जणांसाठी)

• फुसिली (पिळाचा) पास्ता २०० ग्रॅम
• घट्ट, ताजं दही ५०० ग्रॅम
• फ्रेश क्रीम किंवा फेटलेली साय २ मोठे चमचे
• तेल १ मोठा चमचा
• मस्टर्ड सॉस १ छोटा चमचा (नसेल तर मोहरीची पूड थोड्या पाण्यात फेसून घ्या)
• लसणाची १ पाकळी, किसून
• काकडी १, ढोबळी मिरची अर्धी, गाजर १ लहान
• उकडलेले मक्याचे दाणे अर्धी वाटी
• उकडलेले काबुली चणे किंवा पनीरचे तुकडे १ वाटी
• डाळिंबाचे दाणे किंवा हिरवी द्राक्षं अर्धी वाटी
• पुदिना, मिरपूड, मीठ, अर्धा छोटा चमचा साखर, लिंबाचा रस

कृती

१. दोन लिटर पाणी उकळून त्यात दोन छोटे चमचे मीठ घाला. पास्त्याला आतून चव येण्याची हीच एक संधी असते.

२. पास्ता शिजला की चाळणीत ओता आणि थंड पाण्याखाली धरा. गरम पास्ता करताना असं धूत नाहीत, पण सॅलडसाठी वरचा चिकटपणा जायला हवा. पूर्ण निथळू द्या.

३. चक्का, साय, तेल, मस्टर्ड, लसूण, साखर, मीठ आणि मिरपूड एकत्र फेटा. पाव भाग वेगळा काढून फ्रिजमध्ये ठेवा.

४. उरलेल्या ड्रेसिंगमध्ये गार झालेला पास्ता, मका, चणे आणि चिरलेल्या भाज्या घाला. हलक्या हाताने कालवा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

५. वाढायच्या वेळी राखून ठेवलेलं ड्रेसिंग, डाळिंब, पुदिना आणि लिंबाचा रस घाला. एकदा चव नक्की बघा, कारण थंड पदार्थात मीठ आणि आंबटपणा कमी जाणवतो.

प्रत्येकाच्या आवडीचं

आजी-आजोबांसाठी भाज्या बारीक चिरा आणि काकडी किसून घाला. लहान मुलांच्या वाटीत मिरपूड कमी, द्राक्षं मात्र उभी चिरूनच घाला, अख्खी घशात अडकू शकतात. तरुण मंडळींना झणझणीत हवं असेल तर वरून हिरवी मिरची आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट भुरभुरा. कूट घातला की हे सॅलड एकदम आपलं वाटायला लागतं!

एवढं मात्र सांभाळा

दह्या-सायीचा पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नागपूर असो, इंदूर असो की हैदराबाद, उन्हाळ्यात हा एक तासाचाच नियम पाळा. गच्चीवर जेवायला बसणार असाल तर परातीत बर्फ पसरून त्यात सॅलडचं भांडं ठेवा आणि लागेल तेवढंच वाढा. बराच वेळ लाईट जाऊन फ्रिज बंद राहिला असेल तर हे सॅलड खाऊ नका, टाकून द्या. उरलंच तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाऊन टाका.

सोबत कैरीचं पन्हं किंवा ताक असलं की पोटभर जेवण झालं. आणि हो, या जेवणाला कोणी गरम-गरम वाढत उभं राहत नाही, तेव्हा स्वयंपाक करणाऱ्याचंही पान पहिल्याच पंगतीत मांडा!