ग्राफिक्स कार्डची उष्णता आणि पंख्याचा वेग

संगणकावर खेळ खेळणारी मुले आज तालुक्याच्या गावीही आढळतात. खेळ सुरू होऊन अर्धा तास लोटतो, पेटीतील पंखा घरघरू लागतो, पडद्यावरील दृश्य अडखळते आणि ‘कार्ड जुने झाले, आता नवे घ्यावे लागेल’ असा निष्कर्ष घरात काढला जातो. चांगल्या ग्राफिक्स कार्डची किंमत कित्येक हजारांत, काही वेळा लाखाच्याही वर जाते. एवढा खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहणे अगत्याचे आहे. पुष्कळदा कार्ड बिघडलेले नसते. त्याची उष्णता कोंडलेली असते.

उष्णता येते कोठून?

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्र तयार करणारा एक स्वतंत्र गणकच होय. खेळातील दृश्य दर सेकंदाला 60 किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने रेखाटावे लागते. या कामी खर्ची पडणाऱ्या विजेचे जवळजवळ संपूर्णपणे उष्णतेत रूपांतर होते. एनव्हिडिया कंपनीच्या 2020 मधील आरटीएक्स 3080 या कार्डची विजेची निर्धारित गरज 320 वॅट आहे. 2022 मधील 4090 ची 450 वॅट, तर 2025 मधील 5090 ची 575 वॅट आहे. 2023 मधील 4060 सारख्या मध्यम कार्डला मात्र 115 वॅट पुरतात. छताचा जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, हे ध्यानात घेतले म्हणजे तळहाताएवढ्याही नसलेल्या चिपमध्ये सहा पंख्यांची वीज ओतली जाते, याची कल्पना येते.

उष्णतेची वाट

चिपमध्ये निर्माण झालेली उष्णता प्रथम उष्णतावाहक लेपातून धातूच्या तळाकडे, तेथून नळ्यांवाटे ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांकडे जाते. पंख्याची हवा ती पात्यांवरून उचलते. परंतु प्रवास येथे संपत नाही. ही तापलेली हवा पेटीबाहेर आणि पुढे खोलीबाहेर गेली पाहिजे. या साखळीतील एक कडी अडली की पुढील सारे प्रयत्न व्यर्थ होतात.

तापमान मर्यादेजवळ पोहोचले की कार्ड स्वतःच आपल्या कामाचा वेग उतरवते. 4090 साठी ही मर्यादा 90 अंश सेल्सिअस आहे. दृश्य अडखळते ते बहुधा या आत्मरक्षणामुळे. त्यानंतरही उष्णता वाढत राहिली तर संगणक बंद पडतो. खेळ चालू असताना 65 ते 80 अंश तापमान आढळल्यास मात्र काळजीचे कारण नाही.

पंखा किती वेगाने फिरावा?

पंख्याचा वेग तापमानानुसार ठरतो. हे नाते आलेखाच्या रूपाने संगणकात नोंदवलेले असते आणि आफ्टरबर्नरसारख्या प्रणालीद्वारे ते बदलता येते. उदाहरणार्थ, 50 अंशांपर्यंत 30 टक्के, 65 अंशांना 50 टक्के, 75 अंशांना 70 टक्के आणि 85 अंशांना पूर्ण वेग, अशी चढण ठेवता येईल. हलके काम चालू असताना अनेक कार्डांचे पंखे थांबलेलेच असतात. तो बिघाड नव्हे.

पंखा सदैव पूर्ण वेगाने ठेवावा, असे काहींना वाटते. तथापि, वेग 20 टक्क्यांनी वाढवला तर आवाज सुमारे 4 डेसिबलने वाढतो आणि पंख्याला लागणारी वीज जवळजवळ पावणेदोन पट होते. शिवाय पंख्याची झीजही लवकर होते. एनव्हिडियाच्या 2003 मधील जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा या कार्डच्या पंख्याचा आवाज इतका गाजला की, कंपनीनेच त्यावर एक विनोदी चित्रफीत काढली. वेग वाढवणे हा उपाय खरा, पण तो एकमेव नव्हे.

आपल्याकडील उन्हाळा

पंखा खोलीतील हवाच कार्डवर सोडतो. त्या हवेपेक्षा थंड तो काहीही करू शकत नाही. काम आणि पंख्याचा वेग तोच असताना खोलीचे तापमान 10 अंशांनी वाढले, तर कार्डचेही जवळपास तितकेच वाढते. जानेवारीत 28 अंशांच्या खोलीत 70 अंशांवर राहणारे कार्ड विदर्भातील मे महिन्यात, खोली 40 अंशांवर गेली असता, सुमारे 82 अंशांपर्यंत जाईल. म्हणून हिवाळ्यात बसवलेला आलेख उन्हाळ्यात पुन्हा तपासावा. पाण्याच्या कूलरचा झोत मात्र पेटीवर थेट घेऊ नये. त्यातील ओलावा व तुषार विजेच्या भागांना घातक ठरतात.

दोष कसा शोधावा?

प्रथम तापमान मोजावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही ते दिसते. मग संगणक बंद करून पेटीची एक बाजू उघडावी आणि तोच खेळ पुन्हा चालवून पाहावा. चालू असताना आत हात घालू नये. तापमान लक्षणीयरीत्या उतरले, तर दोष पेटीतील हवेच्या मार्गात आहे, असे समजावे. संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला टेकून ठेवला असल्यास तो मोकळ्या जागी आणावा व जाळ्या स्वच्छ कराव्यात. तापमान उतरले नाही, तर कार्डच्या पात्यांतील धूळ पाहावी. प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून हवेच्या झोताने धूळ उडवावी. पाते मोकळे फिरू दिल्यास पंखा बिघडण्याचा संभव असतो.

याने भागले नाही, तर कार्डच्या विजेची मर्यादा थोडी खाली आणावी. वीज 15 ते 20 टक्क्यांनी कमी केली, तरी खेळाची गती सहसा त्या मानाने फारच थोडी घटते. वाळलेला लेप बदलणे हा शेवटचा उपाय; तो जाणकाराकडूनच आणि हमीची मुदत तपासून करावा.

शाळेतील किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीतील संगणकात असे मोठे कार्ड नसेल, पण उष्णतेचा नियम तोच आहे. तेथेही पेट्या भिंतीला टेकलेल्या आणि जाळ्या धुळीने बुजलेल्या आढळतात. शिक्षकांनी वहन आणि अभिसरण हे धडे अशा उघड्या पेटीसमोर शिकवले, तर विज्ञानही समजेल आणि यंत्रही टिकेल. नव्या यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वी जुन्याला मोकळा श्वास मिळतो आहे काय, एवढे पाहणे कोणालाही शक्य आहे.