सुईच्या टोंकावरील अणु

नातेपुत्याच्या शाळेंत १९९० च्या सुमारास विज्ञान शिकवितांना, "एकटा अणु कोणास दिसत नाहीं, तो हलविणें तर दूरच," असें मीं ठासून सांगत असें. एका मुलानें विचारलें, "मग तो आहे हें कशावरून, गुरुजी?" मीं त्यास खालीं बसविलें. त्याचा प्रश्न योग्य होता, माझें विधान चुकीचें होतें.

स्वित्झर्लंडांत झुरिकजवळ आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेंत गेर्ड बिनिग व हाइनरिख रोरर यांनीं १९८१ सालीं एक यंत्र सिद्ध केलें होतें. त्यांत भिंग नाहीं. धातूची सुई आहे. तिचें टोंक इतकें तीक्ष्ण कीं अग्रभागीं एकच अणु उरावा. अल्प विद्युद्दाब लावून ही सुई धातूच्या पृष्ठभागास न टेकतां अगदीं निकट आणिली म्हणजे मधल्या पोकळींतूनही किंचित् प्रवाह वाहतो. अंतर मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागानें वाढलें, तर हा प्रवाह सुमारें एकदशांशावर येतो. म्हणून प्रवाह कायम राखून सुई फिरविली कीं ती अणूंच्या उंचसखलपणाबरोबर वरखालीं होते व पृष्ठभागाचा नकाशा उमटतो. अंध मनुष्य बोटांनीं चेहरा ओळखतो, तसेंच हें. या शोधाबद्दल उभयतांस १९८६ च्या नोबेल पारितोषिकांत अर्धा वाटा मिळाला.

परंतु चाचपणारें बोट वस्तु हलवूंही शकतें. १९८९ सालीं कॅलिफोर्नियांत डॉन आयग्लर व एर्हार्ड श्वायत्सर यांनीं निकेलच्या पृष्ठावर झेनॉन वायूचे अणु ठेविले. उष्णतेनें ते भटकूं नयेत म्हणून तें सर्व शून्याखालीं २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलें. सुई जरा अधिक जवळ नेली कीं तिच्या क्षीण आकर्षणानें अणु मागोमाग घसरत येई. इष्ट स्थळीं सुई वर घेतली कीं तो तेथेंच राही. अशा ३५ अणूंनीं त्यांनीं कंपनीच्या नांवाचीं तीन आद्याक्षरें मांडिलीं. प्रत्येक अक्षराची उंची मिलिमीटरचा दोन लक्षांवा भाग! पुढें १९९३ सालीं तांब्यावर लोखंडाच्या ४८ अणूंचें वर्तुळाकार कुंपण घातलें, तेव्हां आंत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या लाटाही दिसल्या.

याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. एकेक अणु मांडून कारखाने चालत नाहींत, हें खरें. पण पदार्थाचे गुण अणूंच्या मांडणीवर कसे अवलंबून असतात, हें आतां ती मांडणी स्वहस्तें बदलून पाहतां येतें.

ज्यास मीं खालीं बसविलें, त्या विद्यार्थ्याची क्षमा मागून एवढेंच सांगतों: तुमच्या घरचें मूल "कशावरून?" असें विचारील, तर त्यास उभेंच राहूं द्या.