सांडपाण्याच्या शुद्धीकरणात पडद्यावर बसणारी पुटे

विहिरीचे जड पाणी बंबात वारंवार तापविले म्हणजे आत पांढरा, टणक थर बसतो, हे घरोघरी परिचयाचे आहे. असाच थर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या अतिसूक्ष्म पडद्यावर बसला, तर मोठ्या वस्तीचे पाणी अडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ऑरेंज काउंटी येथे, २००८ पासून शहरांचे सांडपाणी या पद्धतीने शुद्ध करून भूगर्भात मुरविण्यात येते. तेथील केंद्राची क्षमता २०२३ मधील विस्तारानंतर दररोज सुमारे ४९ कोटी लिटर झाली आहे. समुद्राचे खारे पाणी विहिरींच्या क्षेत्रात शिरू नये, हाही त्यामागील एक हेतू आहे.

अगोदर बारीक गाळणीतून काढलेले पाणी मोठ्या दाबाने पडद्यांतून ढकलले जाते. शंभर लिटरांपैकी सुमारे ८५ लिटर पाणी पलीकडे जाते. बहुतेक सर्व क्षार मात्र उरलेल्या १५ लिटरांतच राहतात. त्यांचे प्रमाण अशा रीतीने साडेसहा पटींहून अधिक होते. मग कॅल्शियम कार्बोनेट, जिप्सम, सिलिका आणि सांडपाण्यात विशेषेकरून आढळणारे कॅल्शियम फॉस्फेट ही द्रव्ये विरघळलेली राहत नाहीत. शेवटच्या पडद्यांपाशी क्षार सर्वांत दाट असल्याने पुटे प्रथम तेथेच धरतात.

यास्तव पडद्यांकडे जाणाऱ्या पाण्यात सल्फ्युरिक आम्ल मिसळतात. त्याने कार्बोनेट व फॉस्फेट विरघळलेल्या स्थितीत राहतात. परंतु आम्ल अति झाल्यास सल्फेट वाढून जिप्समची भीती उत्पन्न होते. म्हणून जोडीला पुटेरोधक द्रव्य देतात, तेही लिटरमागे अवघे काही मिलिग्रॅम. हे द्रव्य क्षार काढून टाकीत नाही. ते नुकत्याच जन्मलेल्या स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ लांबविते आणि तेवढ्या अवधीत दाट पाणी बाहेर पडते. अधिक पाणी काढण्याचा लोभ धरल्यास मात्र हा उपायही अपुरा पडतो.

शेवटच्या पडद्यांतून येणारे पाणी कमी होऊ लागले की धुलाईस विलंब करू नये. कार्बोनेटचा थर सायट्रिक आम्लाने निघतो. ठिबक संचातील ड्रीपर आम्लाने मोकळे करणाऱ्या शेतकऱ्यांस हे नवे नाही. सिलिकाचा थर मात्र सहसा दाद देत नाही.

गंमत अशी की, पडद्यातून आलेले पाणी इतके क्षारहीन असते की ते नळांचे सिमेंटचे अस्तर झिजवू लागते. त्यामुळे पुढे पाठविण्यापूर्वी त्यात थोडा चुना मुद्दाम घालावा लागतो.